अरण्यातील सोफा : आंरी रूसोच्या 'स्वप्न'च्या निमित्ताने

१

आंरी रूसो (१८४४–१९१०) या फ्रेंच चित्रकाराचे 'स्वप्न' हे तैलचित्र मार्च १९१० मध्ये पॅरिस येथील 'सालाँ दे अँदेपांदां' या स्वतंत्र कलावंतांच्या वार्षिक प्रदर्शनात प्रथम मांडले गेले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये रूसोचे निधन झाले. त्याच्या अरण्यचित्रांपैकी आकाराने सर्वांत मोठ्या चित्रांत मोडणारे हे चित्र १९५४ पासून न्यू यॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. त्याची उंची सुमारे दोन मीटर आणि रुंदी जवळजवळ तीन मीटर आहे. पानांच्या लांबरुंद पात्यांनी, देठांनी आणि फुलांनी सबंध चौकट भरून गेली आहे. डाव्या बाजूला एक घरगुती, लालसर सोफा असून त्यावर एक विवस्त्र स्त्री रेलून पहुडली आहे. तिचा एक हात सोफ्याच्या पाठीवर, अरण्याच्या दिशेने पसरलेला आहे. पानांच्या दाटीत, काहीसा अंधारात, एक कृष्णवर्णीय वादक उभा आहे. कमरेला रंगीत पट्ट्यांचे वस्त्र नेसलेला हा वादक सुषिर वाद्य वाजवीत आहे. खाली झुडपांतून दोन सिंह डोळे विस्फारून पाहतात. झाडांत माकडे व पक्षी आहेत, हत्ती आहे, एक साप वळसे घेत सरपटतो आहे आणि वर आकाशात पूर्ण चंद्र आहे.

हे चित्र पाहणाऱ्यांच्या मनात पहिल्याच प्रदर्शनाच्या वेळी जो प्रश्न उपस्थित झाला, तो सोफ्याविषयी होता. अरण्यात सोफा कशासाठी? आंद्रे द्युपों या समीक्षकाने चित्रकाराला पत्र लिहून तो विचारला. अपॉलिनेरने आपल्या वृत्तपत्रीय परीक्षणात, यंदा या चित्राला कोणी हसणार नाही, असा विश्वास व्यक्त करताना चित्रकारांना अरण्यात हरवलेला तो लुई फिलिपच्या काळातील घाटाचा सोफादेखील आवडतो, असे आवर्जून नमूद केले. म्हणजे चित्राची बाजू घेणाऱ्यालाही सोफ्याची दखल घेतल्यावाचून पुढे जाता आले नाही.

वस्तुतः या चित्रातील अशक्य गोष्टींची यादी करावयाची झाली, तर सोफा तीत पहिला येण्याचे कारण नाही. आकाशात चंद्र आहे, परंतु पानांवर पडलेला प्रकाश चांदण्याचा नाही. तो सर्वत्र सारखा आहे आणि त्याला सावली नाही. कमळासारखी मोठाली फुले माणसाच्या डोक्याएवढी उमललेली आहेत, पण त्यांच्या मुळाशी पाणी दिसत नाही. पानांना कीड नाही, जमिनीवर पाचोळा नाही, पायवाट नाही. प्रत्येक पान कात्रीने कापून काढावे तसे आपापल्या कडांसह स्वतंत्र उभे आहे. असे अरण्य पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नाही. तथापि त्याविषयी कोणी विचारले नाही. याचे कारण उघड आहे. पॅरिसच्या ज्या प्रेक्षकवर्गापुढे हे चित्र मांडले गेले, त्यातील बहुतेकांनी उष्ण कटिबंधातील अरण्य पाहिलेले नव्हते, आणि रूसोनेही ते पाहिलेले नव्हते. चित्रातील ज्या एकमेव वस्तूचा दोघांनाही प्रत्यक्ष आणि रोजचा अनुभव होता, ती वस्तू म्हणजे सोफा. खोटेपणाचा आरोप आला तो नेमका तिच्यावर. 'स्वप्न' या चित्राचा आणि त्याच्या समीक्षेचा विचार या विरोधाभासापासून सुरू करता येतो.

२

सोफ्याविषयीच्या प्रश्नाला रूसोने दोन उत्तरे दिल्याचे नमूद आहे. द्युपोंना पाठविलेल्या पत्रातील उत्तर कथनाच्या पातळीवरचे आहे. सोफ्यावर निजलेल्या त्या स्त्रीला, आपण अरण्यात नेल्या गेलो असून गारुड्याच्या वाद्याचे स्वर ऐकत आहोत, असे स्वप्न पडले आहे. सोफा चित्रात असण्याचे कारण तेच होय, असे ते स्पष्टीकरण आहे. आंद्रे साल्मों या कवी-समीक्षकाने नोंदविलेल्या संभाषणात मात्र भर वेगळ्या गोष्टीवर आहे. तेथे रूसो सोफ्याचे समर्थन त्याच्या लाल रंगाच्या तेजाने करतो. एवढ्या हिरव्याला तोलून धरील असे काहीतरी हवे होते, असा त्या समर्थनाचा अर्थ होतो. एक उत्तर आशयाचे आहे, दुसरे रूपाचे. समीक्षकाला त्याने कथानक दिले आणि चित्रकारांच्या गोटात वावरणाऱ्याला रंगसंगती दिली. सिल्व्हिया प्लाथ या अमेरिकन कवयित्रीने १९५८ साली या चित्रावर जी कविता लिहिली, तिचा गाभाही या दोन उत्तरांमधील तणाव हाच आहे. एका साहित्यकृतीला विषय पुरविण्याइतका तो तणाव अर्थगर्भ आहे, हे त्यावरून दिसते.

यापैकी कोणते उत्तर खरे, हा प्रश्न फारसा फलदायी नाही. उत्तर देणाऱ्याला आपण कोणाशी बोलतो आहोत याचे भान होते, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या कलावंताची ख्याती जाणीवपूर्वक काहीही न करणारा म्हणून झाली, तो प्रश्नकर्त्याच्या अपेक्षेनुसार आपल्या कृतीचे दोन भिन्न अन्वय लावून दाखवू शकत होता.

या दोन उत्तरांच्या जोडीला एक तिसरी संहिता आहे. प्रदर्शनात चित्रासोबत रूसोने स्वतः रचलेल्या काही पद्यपंक्ती होत्या. त्या स्त्रीचे नाव यादविगा असून ती गोड झोपी गेली आहे, सदिच्छा बाळगणाऱ्या एका गारुड्याच्या वाद्याचे स्वर तिला ऐकू येत आहेत, चंद्राचा प्रकाश नद्यांवर आणि हिरव्या वृक्षांवर पडला आहे व रानटी सर्प त्या सुरांना कान देत आहेत, असा त्या पंक्तींचा आशय आहे. चित्राशी त्यांची तुलना केली म्हणजे फरक ध्यानात येतात. पंक्तींत नद्या आहेत, चित्रात नदी दिसत नाही. पंक्तींत सर्प अनेक आहेत, चित्रात ठळकपणे दिसतो तो एकच. सर्वांत लक्षणीय फरक हा की, पंक्तींत यादविगा निद्रिस्त आहे, तर चित्रात तिचे डोळे सताड उघडे आहेत.

फ्रॉइडने 'स्वप्नांचा अन्वयार्थ' या ग्रंथात स्वप्नकार्याच्या शेवटच्या टप्प्याला दुय्यम संस्करण म्हटले आहे. स्वप्नातील तुटक, विसंगत प्रतिमांना जागे होणारे मन एक सुसंगत कथा पुरविते, आणि ती कथा म्हणजेच स्वप्न असे नंतर समजले जाते. १९०० हे वर्ष छापलेला हा ग्रंथ फ्रेंच भाषेत १९२६ मध्ये आला. तेव्हा रूसोवर त्याचा प्रभाव पडण्याचा प्रश्नच नाही. तथापि रूसोच्या पंक्तींचे आणि पत्राचे कार्य या संज्ञेने नीट सांगता येते. चित्राने जे एकाच पातळीवर एकत्र ठेवले, त्याची पंक्तींनी 'खोली' आणि 'स्वप्न' अशी वाटणी केली. चित्रात अशी वाटणी नाही. सोफ्याभोवती खोलीच्या भिंतीची रेघही नाही. त्याचा लाकडी पाय आणि शेजारच्या रोपाचा देठ यांना चित्रकाराने सारख्याच निगुतीने रंगविले आहे. कोणते खरे व कोणते स्वप्नातले हे सांगणारी एकही खूण, धूसर कडा किंवा बदललेला प्रकाश, त्याने दिलेली नाही. स्वप्न पाहणारी व्यक्ती स्वप्नाच्या आतच, उघड्या डोळ्यांनी, आपल्या सामानासह बसलेली आहे.

३

रूसोच्या चरित्रातील काही तपशील येथे आवश्यक आहेत, कारण त्याच्या चित्रांच्या समीक्षेत चरित्र हाच मुख्य पुरावा मानला गेला आहे. तो लाव्हाल या गावी एका जस्त-पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मला. काही वर्षे सैन्यात काढल्यानंतर १८७१ मध्ये तो पॅरिसच्या जकात खात्यात लागला. शहराच्या वेशीवर येणाऱ्या मालावर कर वसूल करण्याचे ते काम होते. 'दुआनिए', म्हणजे सीमाशुल्क अधिकारी, हे त्याला मिळालेले टोपणनाव वस्तुस्थितीला धरून नाही. तो हुद्दा त्याला कधीच नव्हता. १८९३ मध्ये त्याने सेवानिवृत्ती घेतली आणि पुढील आयुष्य अल्प निवृत्तिवेतन, चित्रकलेच्या व संगीताच्या शिकवण्या आणि अधूनमधून विकल्या जाणाऱ्या चित्रांवर काढले. कोणत्याही कलाशाळेत तो शिकला नव्हता.

त्याने मेक्सिकोच्या मोहिमेत सैनिक म्हणून भाग घेतला व तेथील अरण्यांची स्मृती पुढे रंगविली, ही आख्यायिका त्याच्या हयातीतच पसरली होती. तिला आधार नाही. त्याने फ्रान्सबाहेर पाऊल टाकले नव्हते. त्याचे अरण्य पॅरिसमध्येच होते. 'जार्दां दे प्लांत' या वनस्पतिउद्यानातील काचघरांत गेल्यावर, दूरदेशींची विलक्षण झाडे पाहून आपण स्वप्नात शिरतो आहोत असे वाटते, असे त्याने आर्सेन अलेक्झांद्र या समीक्षकाला सांगितले होते. त्याच आवारात प्राणिसंग्रहालय होते आणि पेंढा भरलेल्या प्राण्यांची दालने होती. १९०५ मध्ये गाजलेल्या त्याच्या 'भुकेला सिंह' या चित्रातील सिंह-हरिणाची जोडी तेथील एका पेंढा भरलेल्या देखाव्यावरून घेतलेली आहे. गालरी लाफायेत या पॅरिसमधील मोठ्या दुकानाने वन्य पशूंची चित्रे असलेला एक संग्रह प्रसिद्ध केला होता. तो रूसोजवळ होता, आणि त्यातील प्राण्यांच्या ठेवणी त्याच्या चित्रांत ओळखू येतात. १८८४ मध्ये लूव्हरमधील चित्रांच्या प्रतिकृती करण्याचा परवाना त्याला मिळाला होता. सोफ्यावरील विवस्त्र स्त्री ही तिशियनपासून मानेपर्यंत चालत आलेली प्रतिमा आहे. मानेचे 'ऑलिंपिया' १९०७ मध्येच लूव्हरमध्ये आणले गेले होते. कृष्णवर्णीय परिचारिकेच्या सान्निध्यात पहुडलेली ती गौरवर्णीय स्त्री आणि वादकाच्या सुरांनी वेढलेली यादविगा यांच्यातील नाते नजरेत भरण्याजोगे आहे.

येथे 'स्वयंशिक्षित' या संज्ञेचा अर्थ तपासून पाहावा लागतो. ती संज्ञा शिक्षणाचा अभाव सुचविते. रूसोच्या बाबतीत अभाव होता तो एका विशिष्ट संस्थेतील प्रवेशाचा. एकोणिसाव्या शतकातील महानगराने सर्वसामान्य नागरिकासाठी ज्या संस्था खुल्या केल्या, त्या सर्वांतून तो शिकला होता. वनस्पतिउद्यान, प्राणिसंग्रहालय, संग्रहालय, जागतिक प्रदर्शन, सचित्र नियतकालिक आणि मोठे दुकान या त्याच्या शाळा होत्या. १८८९ च्या जागतिक प्रदर्शनावर त्याने एक प्रहसनही लिहिले होते. शिवाय आपल्या आत्मपर टिपणात त्याने, निसर्गाखेरीज आपला कोणी गुरू नाही, परंतु जेरोम आणि क्लेमां या मान्यवर चित्रकारांचा थोडाफार सल्ला लाभला, असे लिहिले आहे. पुढे ज्या गोष्टीसाठी त्याची थोरवी सांगितली गेली, ती त्याला स्वतःला मोठेपणाची वाटत नव्हती. त्याला प्रतिष्ठित, वास्तवाशी इमान राखणारा, पदवीप्राप्त चित्रकारांच्या पंक्तीत बसणारा कलावंत व्हावयाचे होते.

४

मग त्याच्याविषयी 'निरागस' हा शब्द का रूढ झाला? या प्रश्नाचे उत्तर कलासमीक्षेइतकेच एका न्यायालयीन प्रकरणात सापडते. १९०७ मध्ये सोवाजे नावाच्या एका परिचिताच्या नादी लागून रूसोने बँकेची फसवणूक करण्याच्या कटात भाग घेतला. खोट्या कागदपत्रांच्या आधारे बँक ऑफ फ्रान्सच्या एका शाखेतून रक्कम उचलण्यात आली. डिसेंबरमध्ये त्याला अटक झाली आणि जानेवारी १९०९ मध्ये खटला चालला. बचाव पक्षाच्या वकिलाने त्याचे भोळेपण सिद्ध करण्यासाठी न्यायालयात त्याचे एक अरण्यचित्र दाखविले. असे चित्र काढणारा माणूस जाणूनबुजून गुन्हा करणे शक्य नाही, असा तो युक्तिवाद होता. न्यायालयाने दोन वर्षांची शिक्षा सुनावली, पण ती स्थगित ठेवली, आणि शंभर फ्रँकचा दंड केला.

या युक्तिवादाचा आकार लक्षपूर्वक पाहावयास हवा. चित्र हा पुरावा आहे, परंतु कशाचा? चित्रकाराला आपण काय करतो हे कळत नाही, याचा. ज्या क्षणी हा पुरावा ग्राह्य धरला जातो, त्या क्षणी माणूस सुटतो आणि कर्ता नाहीसा होतो. कृतीची जबाबदारी त्याच्यावरून उतरते, पण त्याबरोबर कृतीचे श्रेयही उतरते. न्यायालयात जे घडले तेच रूसोच्या समीक्षेत दीर्घकाळ घडत आले. त्याचे दोष हसण्यावारी नेणाऱ्यांनी आणि त्याच्या गुणांची पूजा करणाऱ्यांनी एकच प्रमेय मान्य केले होते. पहिले म्हणत, त्याला चित्र काढता येत नाही. दुसरे म्हणत, त्याला चित्र काढता येत नाही आणि म्हणूनच ते इतके अद्भुत आहे. दोन्ही मतांत त्याच्या हेतूला जागा नव्हती.

१९०८ मधील पिकासोच्या घरची मेजवानी हा या कथेतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग होय. एका जुन्या-पुराण्या सामानाच्या दुकानात, कॅनव्हासचा पुन्हा उपयोग करता येईल म्हणून विक्रीस ठेवलेले रूसोचे एक स्त्रीचित्र पिकासोने पाच फ्रँकला विकत घेतले आणि त्याच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. तीत गौरव किती व थट्टा किती, याविषयी उपस्थितांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. रूसो त्या सुमारास पिकासोला म्हणाला की, आपण दोघे या काळातील सर्वांत थोर चित्रकार आहोत, तू इजिप्शियन शैलीत आणि मी आधुनिक शैलीत, अशी आठवण सांगितली जाते. ती आजवर भाबडेपणाचा नमुना म्हणून सांगितली गेली. तथापि १९०७ मध्ये 'आव्हीन्योंच्या तरुणी' हे चित्र रंगविणारा पिकासो त्या काळात प्राचीन आयबेरियन शिल्पांकडे आणि आफ्रिकी मुखवट्यांकडे वळला होता. त्याचे दगडी ठेवणीचे, पुरातन वळणाचे आकार पाहणाऱ्या एखाद्याने त्यांना 'इजिप्शियन' म्हटले, तर ते हास्यास्पद ठरत नाही. ते एका चित्रकाराने दुसऱ्याविषयी केलेले नेमके निरीक्षण आहे. विनोद ऐकणाऱ्यांना दिसला, कारण बोलणारा समीक्षा करू शकेल अशी शक्यताच त्यांनी गृहीत धरली नव्हती.

रूसोच्या मृत्यूनंतर विल्हेल्म ऊडने १९११ मध्ये त्याच्यावर पहिले पुस्तक लिहिले. १९१२ च्या 'ब्लाउए रायटर' वार्षिकात कांदिन्स्कीने त्याच्या चित्रांना अमूर्ततेच्या बरोबरीने उभ्या असलेल्या 'महान वास्तवा'चे प्रतिनिधित्व दिले. या गौरवाने रूसोचे स्थान निश्चित झाले, यात शंका नाही. परंतु त्याच गौरवातून पुढे एक वर्ग तयार झाला. कोठल्याही शाळेत न शिकलेल्या, आपल्या अंतःप्रेरणेने चित्र काढणाऱ्या माणसांचा तो वर्ग होता. त्यात कोणाला प्रवेश द्यावयाचा, हे शिकलेल्यांनी ठरवावयाचे होते.

५

'स्वप्न' व त्याच्यासारखी इतर चित्रे आज 'जंगलचित्रे' या नावाने ओळखली जातात. या नावातील 'जंगल' हा शब्द मराठी वाचकाला परका नाही आणि त्याचा प्रवास या चर्चेत उपयोगी पडणारा आहे. संस्कृतमधील 'जांगल' हा शब्द आयुर्वेदाच्या ग्रंथांत विरळ झाडीच्या, कोरड्या, मोकळ्या भूमीसाठी येतो. दलदलीचा, दाट वनस्पतींचा प्रदेश 'आनूप' होय, आणि तो जांगलाच्या नेमका उलट आहे. फ्रांसिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने १९८२ च्या आपल्या ग्रंथात या विरोधाची विस्ताराने चिकित्सा केली आहे. हाच शब्द भारतीय भाषांमधून इंग्रजीत गेला, तेथून फ्रेंचमध्ये पोहोचला, आणि त्याचा अर्थ मूळ अर्थाच्या जवळजवळ विरुद्ध टोकाला जाऊन स्थिरावला. किपलिंगच्या 'जंगल बुक'चे फ्रेंच भाषांतर १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज मराठीतही 'जंगल' म्हणताच दाट, ओली, दुर्गम झाडी डोळ्यांपुढे येते. म्हणजे ज्या भूभागातून तो शब्द निघाला, तेथेही तो नवा अर्थ घेऊन परतला.

जे शब्दाचे झाले, तेच वनस्पतींचे आणि प्राण्यांचे झाले होते. जार्दां दे प्लांतच्या काचघरांतील झाडे तेथे आपोआप उगवली नव्हती. मोहिमा, वसाहती आणि व्यापार यांच्या मार्गाने ती गोळा झाली होती. वेगवेगळ्या खंडांतील रोपे एका छपराखाली, आपापल्या नामफलकांसह, शेजारी शेजारी मांडलेली होती. रूसोच्या चित्रातील पानांची स्वतंत्र, सावलीविरहित, एकमेकांत न मिसळणारी मांडणी या ठिकाणी समजू लागते. ती अरण्याची मांडणी नाही, संग्रहाची आहे. आफ्रिकेतील सिंह आणि पूर्वेकडचे कमळ येथे एकत्र येतात ते निसर्गाच्या अज्ञानामुळे नव्हे, पॅरिसमध्ये ते एकत्रच भेटत असल्यामुळे. रूसोने जे पाहिले तेच प्रामाणिकपणे रंगविले, असे म्हणावयाचे झाल्यास, त्याने साम्राज्याच्या राजधानीत मांडलेले जग रंगविले असे म्हणावे लागेल.

या जगात माणसांचीही मांडणी आहे. स्वप्न पाहणाऱ्या स्त्रीला नाव आहे. वाद्य वाजविणाऱ्याला नाव नाही. पंक्तींत तो केवळ सदिच्छा बाळगणारा गारुडी म्हणून येतो, आणि चित्रात त्याचा चेहरा अंधाराशी इतका एकरूप झाला आहे की डोळ्यांवाचून फारसे काही स्पष्ट होत नाही. त्याच्या सुरांनी सारे अरण्य स्तब्ध झाले आहे, तरी ते अरण्य त्याचे नाही. स्वप्न यादविगेचे आहे आणि तो तिच्या स्वप्नातील एक आकृती आहे. त्या काळच्या युरोपीय कल्पनेत आफ्रिकी आणि पौर्वात्य माणसाला जी जागा होती, तीच रूसोने त्याला दिली. निरागसतेच्या कवचाखाली ही गोष्ट झाकली जाऊ नये. जो चित्रकार आपल्या कृतीचा कर्ता आहे, तो तिच्यातील पूर्वग्रहांचाही कर्ता आहे. श्रेय द्यावयाचे आणि उत्तरदायित्व मात्र द्यावयाचे नाही, असे समीक्षेला करता येणार नाही.

येथे सोफ्याचे कार्य पूर्णपणे ध्यानात येते. परदेशी अरण्ये रंगविणाऱ्या त्या काळच्या शिकलेल्या चित्रकारांच्या कृतींत पाहणाऱ्याची जागा दिसत नाही. जेरोमने गारुडी रंगविला, तेव्हा प्रेक्षक कोठे बसून पाहतो आहे हे त्याने चौकटीबाहेर ठेवले. त्याचे कसब असे की पाहणारा नाहीसा व्हावा आणि देखावा स्वयंभू वाटावा. रूसोने पाहणाऱ्याची बैठक चित्रातच आणून मांडली. हे अरण्य दिवाणखान्यातून पाहिले गेले आहे, हे 'स्वप्न' लपवीत नाही. ज्या वस्तूमुळे चित्र खोटे वाटते, तिच्यामुळेच ते आपल्या खोटेपणाविषयी खरे बोलते. ही योजना रूसोने सिद्धान्त म्हणून मांडली नव्हती, आणि तसा दावा करण्याची गरजही नाही. चित्रकाराचा हेतू त्याच्या निवडींत व्यक्त होतो. तीन मीटर रुंदीच्या पटावर, अरण्याच्या एका मोठ्या भागाची जागा घेऊन, त्याने सोफा रंगविला, विचारणा झाल्यावर त्याचे समर्थन केले आणि तो काढून टाकला नाही.

६

साहित्याच्या अभ्यासकाला या प्रकरणाशी कर्तव्य असण्याचे एक कारण म्हणजे मराठी समीक्षेतही ही शब्दावली अपरिचित नाही. बहिणाबाई चौधरी यांची गाणी १९५२ मध्ये, त्यांच्या निधनाच्या दुसऱ्याच वर्षी, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. तेव्हापासून त्यांच्या कवितेविषयीचा आनंद आणि त्यांच्या निरक्षरतेविषयीचे आश्चर्य ही दोन्ही बहुधा एकाच वाक्यात येत राहिली. त्या आश्चर्यात खोट काही नव्हती. त्याने त्या कवितेला वाचक मिळवून दिले. परंतु लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रीला अशी कविता कशी सुचली, या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे. घडण ही अक्षरातूनच होते, असे ते गृहीतक होय. जात्यावरची ओवी, सणावारांची गाणी, म्हणी, उखाणे, कथा-कीर्तने आणि शेतीच्या कामाची लय यांतून होणारी घडण ही दीर्घ आणि कठोर शिस्तीची घडण असते. तिच्यात वृत्ताचे, प्रतिमेचे आणि उक्तीच्या नेमकेपणाचे शिक्षण असते. तिला शिक्षण म्हटले नाही, की उरते ते फक्त दैवी देणगीचे नवल, आणि मग कवितेची कारागिरी वाचण्याचे काम राहून जाते.

रूसो आणि बहिणाबाई यांच्यात साम्य शोधण्याचा येथे हेतू नाही. एकाची सामग्री महानगरातील संस्थांची होती, दुसरीची एका बोलीच्या मौखिक परंपरेची. एकाला आपली कृती मान्यवरांच्या दरबारात नेण्याची तीव्र आकांक्षा होती, दुसरीची गाणी इतरांनी लिहून ठेवली. त्यांच्यातील अंतरच महत्त्वाचे आहे. 'स्वयंस्फूर्त', 'निरागस', 'अकृत्रिम' ही विशेषणे इतक्या भिन्न घडणींना सारखीच लागू पडत असतील, तर ती विशेषणे त्या कृतींविषयी फार थोडे सांगतात. ती सांगतात ते वर्णन करणाऱ्याच्या स्थानाविषयी. कोणत्या प्रकारचे शिक्षण त्याला शिक्षण म्हणून ओळखता येते आणि कोणते येत नाही, एवढेच त्यांतून कळते.

यावरून प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित कलावंत यांत भेदच करू नये, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. शरीररचनेचे व यथादर्शनाचे पद्धतशीर शिक्षण नसल्याचा परिणाम रूसोच्या चित्रांवर निश्चितच झाला आहे. त्याची माणसे बहुधा जमिनीवर नीट उभी राहात नाहीत, आणि त्याच्या व्यक्तिचित्रांतील हात-पाय अवघडलेले दिसतात. ही उणीव मान्य करूनच असे विचारता येते की अरण्यचित्रांत तिचे त्याने काय केले. जेथे पाय जमिनीवर टेकण्याचा प्रश्न येतो, तेथे त्याने झुडपे लावली. जेथे अंतर दाखवावे लागले असते, तेथे पानांचे पडदे एकामागोमाग एक उभे केले. खोली नाही म्हणून दाटी आली, आणि दाटीमुळे स्वप्नाचा तो गुदमरवणारा, हवा नसलेला अवकाश आला. आपल्या मर्यादेला चित्राच्या रचनेत काम देणे हे कोणत्याही शाळेत शिकविता येत नाही, आणि ते नकळतही होत नाही. पंचवीसच्या आसपास असलेल्या अरण्यचित्रांत, १८९१ मधील वादळातल्या वाघापासून १९१० मधील यादविगेपर्यंत, ते टप्प्याटप्प्याने होत गेलेले दिसते. पहिल्या चित्रात पाऊस, वारा आणि झेप आहे. शेवटच्या चित्रात सारी हालचाल थांबली आहे आणि सर्वजण ऐकत आहेत. या प्रवासाला विकास म्हणावयाचे, तर त्याचा कर्ताही मानावा लागतो.

रूसोचे दफन सामान्य लोकांच्या दफनभूमीत, मोजक्या मित्रांच्या उपस्थितीत झाले. पुढे त्याच्या थडग्याच्या शिळेवर अपॉलिनेरचे शब्द कोरण्याच्या कामी ब्रांकुशी या शिल्पकाराने हातभार लावला. विसाव्या शतकातील शिल्पकलेची भाषा बदलणाऱ्या हातांनी ते काम केले, ही घटना मित्रप्रेमाची म्हणून सांगितली जाते. ती व्यवसायबंधूने व्यवसायबंधूला दिलेली मान्यता म्हणूनही वाचावी. मेजवानीतील हशा, न्यायालयातील दया आणि ग्रंथांतील कौतुक यांच्या तुलनेत ती मान्यता अधिक साधी आहे. तीत रूसोला कोणत्या वर्गात बसवावे हा प्रश्न नाही. 'स्वप्न' या चित्राचा अभ्यासही त्याच पायावर व्हावयास हवा. सोफा अरण्यात का आहे, हे चित्रकाराने दोन वेळा सांगून ठेवले आहे. तो प्रश्न विचारताना समीक्षक स्वतः कोणत्या बैठकीवर बसलेला आहे, हे पाहण्याचे काम मात्र त्याचे त्यालाच करावे लागेल.